सोलर झटका मशीन, दीड वर्ष वापरून: पाचपैकी साडेचार देणार होतो, साडेतीन देतोय

झटका मशीन म्हणजे रानाभोवतीच्या तारेत विजेचे ठोके सोडून जनावरं अडवणारं यंत्र. कंपनीचं नाव लिहीत नाही, दुकानाचंही नाही. एक तर ही सगळी झटका मशीनं आतनं जवळपास सारखीच असतात, वरचा डबा आणि स्टिकर तेवढा वेगळा, आणि दुसरं म्हणजे दुकानदाराशी माझं एकदा चांगलंच वाजलंय, उगं चिडून लिहिलंय असं वाटायला नको. २०२४ च्या आषाढीनंतर घेतलं, आता सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकली, म्हणजे दीड वर्ष झालं. दोन खरीप आणि दीड रब्बी. एवढ्यावर बोलायला हरकत नसावी.

रान आमचं मार्डीच्या बाजूला, उत्तर सोलापूर. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, रविवारी आणि सुट्टीला रानात. वस्तीवर अण्णा आणि आई. तीन एकराचा पट्टा, वाटण्या होऊन होऊन रिबिनीसारखा लांबडा झालेला. शेजारी माळढोक अभयारण्याचा माळ. १९७९ ला जाहीर झालं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, गावंच्या गावं आत, नंतर कमी करत १,२२२ वर आणलं. माळढोक आता दिसला तर नशीब समजायचं, पण त्याच्या नावानं राखलेल्या गवतात काळवीट मस्त पोसली आणि पलीकडं ऊस वाढला तशी डुकरं वाढली. ऊस म्हणजे डुकराला वर्षभराचा लॉज झाला, सावली आत, ओल आत, पिल्लं आत, फक्त जेवायला रात्री आमच्या मक्यात यायचं.

हरीण आणि डुक्कर ह्यांचं नुकसान एकाच वहीत लिहू नका. हरीण शेंडे खातं, हरभरा खुडतं, पण खुडलेला हरभरा परत फुटतो तरी. डुक्कर खातं कमी आणि पाडतं जास्त. मक्याचं ताट छातीनं आडवं करायचं, कणसाचे दोन घास घ्यायचे आणि पुढच्या ताटाकडं जायचं. भुईमुगात तर सकाळी बघितलं की रात्रीत कुणी रोटर मारून गेलंय असं वाटतं. आणि एकटं कधी नाही, आठ-दहा बारकी-मोठी मिळून.

झटक्याच्या आधी काय काय केलं ते सांगतो, कारण त्याचा पण खर्च धरायला पाहिजे, आपण धरत नाही. जुन्या साड्या बाजारातनं किलोवर आणल्या, रानाला गोल बांधल्या, रानात लग्न आहे काय म्हणून पाहुणे विचारायचे. पंधरा दिवस बरं चाललं, मग डुकरांना कळलं की ह्यात नेसणारं कुणी नाही. सलूनवाल्याकडनं केसांचं पोतं आणलं, पहिल्या पावसात वास गेला. लोक फोरेट ह्या उग्र वासाच्या कीटकनाशकाच्या पुड्या चिंधीत बांधायचे, त्यावर २०२० च्या शेवटी बंदी आली आणि बरंच झालं, त्या वासानं डुकरापेक्षा आमचंच डोकं धरायचं. मग मेमरी कार्डवर कुत्री भुंकायचा आवाज भरून स्पीकर लावला. तीन रात्री चांगल्या गेल्या, चौथ्या रात्री माळावरची खरी कुत्री उत्तर द्यायला आली आणि वस्तीवर कुणाचा डोळा लागला नाही.

राहिली जागल, म्हणजे रात्रभर जागून रान राखणं. मक्याच्या कणसात दूध भरल्यापासून काढणीपर्यंत धरा चाळीस-पंचेचाळीस रात्री. बाहेरचा माणूस ठेवला तर आमच्याकडं रात्रीचे तीनशे मागतात, म्हणजे साडेतेरा हजार झाले. आमच्यात अण्णा जायचे, म्हणून तो खर्च कधी वहीत आलाच नाही. वय अडुसष्ट, हातात बॅटरी आणि पत्र्याचा डबा.

२०२३ च्या सप्टेंबरात रात्री दोनच्या सुमाराला डुकरं हाकलायला निघाले आणि बांधावर भटक्या कुत्र्यानं पोटरीला धरलं. अण्णांनी काय केलं, तर जखमेत मिरची भरली आणि झोपले. सकाळी मी गेलो, साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं जखम धुतली आणि सिव्हिलला नेलं. जखम खोल होती म्हणून तिथंच जखमेच्या भोवती सिरम दिलं, लस चालू केली, आणि मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी परत. औषधाला एक रुपया लागला नाही हे आवर्जून लिहितो. पण चार खेपा, माझ्या चार हाफ-डे, पेट्रोल, त्यांचं जेवणखाण, तीन हजाराच्या पुढं गेलंच. आणि हे झालं सगळं नीट झाल्यावरचं, रेबीज एकदा उठला की मग डॉक्टरच्या हातात काही राहत नाही. त्या वर्षी दुष्काळात मक्याला मिळाला काय भाव आणि आम्ही कशासाठी म्हातारा माणूस रात्रीचा बांधावर पाठवत होतो, ह्याचं उत्तर मला देता आलं नाही. मशीन घ्यायचं तेव्हाच ठरलं, घ्यायला पुढं दहा महिने लागले ती गोष्ट वेगळी.

आता मशीनकडं येतो. दुकानदार काय सांगतो, "सात-आठ हजारात काम होतंय की." ते फक्त मशीन आणि पॅनेल. माझं खरं बिल असं झालं: मशीन ५,५००, ४० वॉटचं पॅनेल २,२००, बारा व्होल्टची बॅटरी ३,४००. पट्टा ६० मीटर रुंद आणि २०० मीटर लांब, म्हणजे गोल फिरून ५२० मीटर, त्याला तीन पदरी चौदा गेज जीआय तार, चाळीस किलो, नव्वदनं ३,६००. दर पाच मीटरला बांबू, १०४ बांबू, ४,१६०. प्रत्येक बांबूला तीन इन्सुलेटर, चार रुपयानं १,२४८. अर्थिंगच्या सळया, मीठ, कोळसा ९००. टेस्टर, फाटकाचं हँडल, पिवळ्या पाट्या असलं किरकोळ ९५०. दोन माणसं दोन दिवस, २,०००. टोटल २३,९५८. म्हणजे ज्याला आपण मशीन मशीन म्हणतो ते बिलात पावसुद्धा नाही. लोखंडी जाळी मारायची तर कोटेशन लाखाच्या पुढं जात होतं, त्यामानानं ठीक.

एक शहाणपण माझ्याकडनं फुकट घ्या. जन-वन विकास योजनेत जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणाला ७५ टक्के अनुदान असतं. आपलं गाव त्यात बसतंय का हे वनरक्षकाला आधी विचारा आणि मग दुकानात जा. मी आधी दुकानात गेलो. बिल हातात घेऊन नंतर विचारायला गेलो तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावरनं कळलं.

हे चालतं कसं ते थोडक्यात, कारण लोकांना वाटतं तारेत कायम करंट असतो. तसं नाही. मशीन बॅटरीचे बारा व्होल्ट वाढवून आठ-दहा हजार करतं, पण सोडतं एका क्षणाचा ठोका, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ, मग सेकंद-सव्वा सेकंद थांबतं, परत ठोका. त्या मधल्या वेळात जनावराला किंवा माणसाला मागं सरता येतं. म्हणून मरत नाही. आईचा हात लागला एकदा, म्हणाली नणंदेनं चिमटा काढल्यासारखं झालं, आणि तिला कुणाची आठवण झाली ते घरात सगळ्यांना कळलं.

घेताना दुकानदार किलोव्होल्ट सांगत बसेल, तुम्ही जूल विचारा, म्हणजे एका ठोक्यात ताकद किती. मोकळ्या तारेवर सगळीच मशीनं दहा हजार व्होल्ट दाखवतात, गवत टेकलं की कुणाचं किती टिकतं ते जुलावर ठरतं. आणि आयएस ३०२-२-७६ ह्या भारतीय मानकाचा शिक्का आहे का बघा, कारण लोकल बनवलेले काही डबे ठोका देतच नाहीत, सलग करंट सोडतात, आणि तो प्रकार आणि लाइटच्या पोलवरनं आकडा टाकणं ह्यात काही फरक नाही. आकड्यावर तार सोडणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय की घरातल्या २३० व्होल्टचा करंट हात धरून ठेवतो, सोडत नाही. त्यात पहिलं डुक्कर मरतं का पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारी मरतो हे तुमच्या हातात नसतं. वीजचोरीचं कलम वेगळं आणि वन्यजीव कायद्याचं वेगळं, काळवीट तर पहिल्या अनुसूचीतलं जनावर आहे, आणि २०२३ पासून लागू झालेल्या बदलात रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आलंय.

जोडणी आम्ही घरीच केली, पहिल्या महिन्यात पस्तावलो. खालची तार जमिनीपासनं एक वीत, दुसरी गुडघ्यावर, तिसरी कमरेला. मशीनपाशी टेस्टर आठ हजार दाखवायचा आणि लांबच्या कोपऱ्यात अडीच. चार हजाराच्या खाली गेलं की डुक्कर तारेला कान खाजवून घेतं, हे मी टॉर्चच्या उजेडात स्वतः बघितलंय. दुकानात फोन केला तर म्हणाले मशीन ओके आहे. मशीन ओकेच होतं, अर्थिंग बोंबललेलं होतं. आमचं रान वरनं वीतभर काळी आणि खाली मुरूम, मुरमात सळई कोरडी पडते. करंट तारेतनं जनावरात, जनावराच्या पायातनं जमिनीत आणि जमिनीतनं परत सळईकडं आला तरच झटका बसणार, जमीनच कोरडी तर तो परत येणार कुठनं. मग सळया उपटून विहिरीच्या पाटापाशी ओलीत ठोकल्या, मीठ-कोळसा भरला, आणि मधली तार मशीनच्या अर्थिंगला जोडून टाकली. आता डुकरानं थोबाड घातलं की खालची आणि मधली अशा दोन्ही तारा एकदम लागतात, जमीन कोरडी असो नाहीतर ओली. उन्हाळ्यात हे केल्याशिवाय सोलापूरच्या रानात ह्या मशीनचा उपयोग नाही असं मी म्हणेन, आणि ही गोष्ट विकणाऱ्यानं सांगायला पाहिजे होती.

हरणांचं वेगळं. त्यांना बारीक तार दिसत नाही, पळत येऊन तार तोडून जातात. त्यावर आमच्या त्या जुन्या साड्या कामाला आल्या, फाडून पट्ट्या केल्या आणि वरच्या तारेला हाताहातावर बांधल्या. तार ओली झाली की पट्टीतनं थोडं लीक होतं, पण तार तुटण्यापेक्षा परवडलं.

आता फायदा किती. दीड एकर मका असतो. २०२३ ला २२ क्विंटल झाला, २०२४ ला मशीन लावल्यावर ३३. अकरा क्विंटल जास्त, दोन हजाराचा भाव धरला तर बावीस हजार, पहिल्याच सीझनला मशीन फिटलं! दुकानदार असंच सांगतो आणि मी पण चार महिने सगळ्यांना असंच सांगत होतो. पण खरं बोलायचं तर २०२३ चा पाऊस काय होता ते सोलापूरकरांना सांगायला नको. त्या अकरातलं अर्धं पावसाचं श्रेय आहे. म्हणजे डुकरांपासनं वाचलेलं धरा अकरा हजार. आणि जागल वाचली साडेतेरा हजाराची, ती खिशात आली नाही पण अण्णा घरात झोपले. माझ्या मते ह्या मशीनचा खरा फायदा तोच आहे, मका नंतर.

खर्चाची बाजू पण पूर्ण मांडतो. तारेखालचं गवत. हे कुणी सांगत नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसाला ५२० मीटर गवत काढत फिरायचं, नाहीतर रात्री नुसतं टिक टिक टिक वाजत राहतं आणि सगळा ठोका गवतात जिरतो. तणनाशक मारा म्हणतात, अण्णा मारू देत नाहीत, बांधावरचं गवत गाईला लागतं. दीड वर्षात गवताच्या मजुरीचे चार हजार गेले. वीस बांबूला वाळवी लागली, ८०० गेले.

आणि आता त्या कापलेल्या स्टारकडं. मे २०२५ मध्ये वळवानं जो धिंगाणा घातला त्यात एका संध्याकाळी वीज पडली, आमच्यावर नाही, लांब कुठंतरी, पण तारेतनं आली आणि मशीन आतनं काळं झालं. दुकानात नेलं तर म्हणाला वीज पडलेलं वॉरंटीत बसत नाही, अरेस्टर लावला नव्हता काय? मी म्हटलं, अरेस्टर म्हणजे काय? तारेतनं आलेली वीज मशीनला न लागता जमिनीत उतरवणारी साडेतीनशे रुपयाची वस्तू! चोवीस हजाराची खरेदी करताना ह्या माणसानं मला फाटकाला लावायचं रंगीत हँडल विकलं आणि विजेचा अरेस्टर आहे म्हणून सांगितलं नाही. वर मशीन कंपनीला पाठवलं ते एकोणीस दिवसांनी आलं, बोर्डाचे १,९०० घेतले, तोवर बदली मशीन देणार नाही म्हणाला. रानात तेव्हा गाईचं कडवळ सोडून काही नव्हतं म्हणून बचावलो. हेच सप्टेंबरात झालं असतं तर एकोणीस दिवसात मका संपला असता. डुकरांना झटका बसायचा बंद झालाय हे कळायला दोन रात्री पुरतात, ती रोज येऊन नाक लावून बघतात. एक स्टार तिथं कापला. मशीन विकणाऱ्यानं दुकानात एक जुनं मशीन भाड्यानं द्यायला ठेवावं, दिवसाला पन्नास घ्या, आनंदानं देऊ.

तर २३,९५८ अधिक चार हजार अधिक आठशे अधिक एकोणीसशे अधिक अरेस्टरचे साडेतीनशे, ३१,००८. दीड वर्षाचा पूर्ण खर्च हा. बॅटरी अजून दीडेक वर्ष ओढेल, मग परत चौतीसशे.

राहिला अर्धा स्टार, तो २०२५ च्या सप्टेंबरात गेला. सीनेला पूर आला तो आठवडा. आमचं रान नदीपासनं लांब, घरात पाणी नाही आलं, पण सलग आठ दिवस ऊन नाही म्हणजे पॅनेल नुसतं शोभेला. बॅटरी बसली. दोन रात्रीत दहा गुंठे मका झोपवला. ४० वॉटच्या जागी ६० चं पॅनेल आणि मोठी बॅटरी घेतली असती तर निभावलं असतं बहुतेक, पण दुकानदार म्हणाला होता चाळीसच्या वर लागतच नाही.

त्या दहा गुंठ्याची भरपाई मिळाली का? नाही, आणि चूक माझी. वनखात्याकडं नुकसानीचा अर्ज तीन दिवसात द्यायचा असतो, मी पुराच्या गडबडीत पाचव्या दिवशी रानात पोचलो आणि तोवर अण्णांनी पडलेला मका कापून गाईला घातला होता. पंचनामा कशाचा करणार, शेणाचा? पीकविम्यात तर जंगली जनावराचं नुकसान आमच्याकडं धरतच नव्हते. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं जाहीर केलंय की खरीप २०२६ पासून ते विम्यात घेणार, ७२ तासात अ‍ॅपवर लोकेशनसकट फोटो टाकायचे, आणि कुठल्या जिल्ह्यात कुठली जनावरं धरायची ते राज्यानं ठरवायचं. आपल्या यादीत डुक्कर आणि काळवीट दोन्ही येतात का ते बघू. एक मात्र सांगतो, कापायच्या आधी फोटो. अण्णांच्या फोनवर मी ते अ‍ॅप टाकून ठेवणार आहे आणि आईला शिकवणार आहे, कारण अण्णा फोन उलटा धरतात.

गोठ्याबद्दल दोन शब्द लिहितो, रिव्ह्यू मशीनचा असला तरी. आमच्या दोन गाया. २०२२ च्या लम्पी ह्या गुरांच्या त्वचारोगात एक वासरू गेलं. तेव्हा सरकारनं दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ आणि वासराला १६ हजार दिले, आम्हाला ते १६ मिळाले. पण गाय आजारातनं उठल्यावर दुधाला जी बसली ती वेतभर उठली नाही, त्याची भरपाई कुठल्या कागदात नसते. लम्पी माशा-डास-गोचीडांनी पसरतो, माणसाला होत नाही, त्याचा डुकरांशी संबंध नाही. लाळ्या खुरकूत मात्र दुभंगलेल्या खुराच्या सगळ्यांना होतो, गाय, शेळी, हरीण, डुक्कर. आमचा पाण्याचा हौद बांधाच्या बाहेर होता आणि रात्री डुकरं त्यात उतरायची, सकाळी गाया त्यातच पाणी प्यायच्या. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर एकदा वस्तीवर आलेले, हौद बघून म्हणाले, "हे काय, डुकरांना पंगत वाढलाय काय?" तार ओढताना हौद आत घेतला, तेवढ्यासाठी वीस मीटर तार वाकडी गेली आहे. त्यानं रोग थांबला असा दावा मी करणार नाही, बाजारातनं आणलेल्या जनावरानं रोग यायची शक्यता डुकरापेक्षा जास्तच. त्याला उपाय लस, ती दर सहा महिन्यांनी फुकट आहे, केंद्राचा २०१९ पासनंचा १३,३४३ कोटींचा कार्यक्रमच लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेला (गाभण गाय गाभडते तो रोग) ह्या दोनासाठी आहे. कानात बिल्ला मारून देतात. तरी आमच्या शेजारचे लोक लस टोचली की दूध कमी होतं म्हणून जनावर माळावर सोडून देतात त्या दिवशी. दोन-चार दिवसाचं दोन लिटर दूध वाचवायला गाय डावावर लावायची. ब्रुसेलाची लस तर कालवडीला चार ते आठ महिन्याच्या वयातच, एकदाच, वय निघून गेलं की गेलं, आणि तो रोग वार काढणाऱ्या माणसाला पण लागतो, महिनोनमहिने ताप. म्हणून गाय व्यायला झाली की हातमोजे घाला. दवाखान्याच्या फुकट सेवेला माझ्याकडनं पाच स्टार, मशीनला साडेतीन.

मेलेलं जनावर माळावर फेकू नका हे पण ह्यातच आलं. ते खाऊन कुत्री वाढतात, आणि त्यातलंच एखादं रात्री बांधावर भेटतं. आम्ही वासरू खड्ड्यात चुना टाकून पुरलं तेव्हा लोक हसले होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, विकत घ्यायच्या आधी हे वाचा. एकट्यानं घेऊ नका. मी जेव्हा तार लावली तेव्हा डुकरं कुठं गेली? कुठं नाही, बांध ओलांडून बापूकाकांच्या भुईमुगात. माझं नुकसान कमी झालं ते त्यांच्या नावावर पडलं. काका तोंडावर काही बोलले नाहीत, पण दिवाळीला फराळाचं ताट आलं नाही तेव्हा आई म्हणाली, "घे, बसला झटका."

मग मी कागदावर मांडलं. माझे तीन एकर, ५२० मीटर तार. काकांचा पट्टा पण तसाच शेजारी, एकट्यानं केलं तर त्यांना पण ५२०, दोघांचे मिळून १,०४०. पण दोन्ही पट्टे मिळून एकच चौकट केली तर १२० बाय २००, फक्त ६४०. मधल्या बांधावरची माझी २०० मीटर तार आणि बांबू निघाले ते तिकडं लावले, नवीन घ्यायची लागली १२० मीटर. नऊ किलो तार, चोवीस बांबू, दोन हजारात काम झालं. काकांनी मशीनच्या वाट्याचे वर चार हजार दिले आणि गवताची पाळी अर्धी घेतली. पलीकडचे दोन पट्टे आले असते तर बारा एकराला ८८० मीटर, म्हणजे एकरी त्र्याहत्तर मीटर. माझा एकट्याचा हिशोब एकरी एकशे त्र्याहत्तरचा होता! वाटणीनं रान जेवढं लांबडं होतं तेवढी कुंपणाची तार वाढते, हे आमच्या आज्याला कुणी सांगितलं असतं तर वाटण्या आडव्या केल्या असत्या.

तिसरा पट्टा चुलतभावाचा, दत्ताचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "काय करूलालास बे येड्यासारखं, मला विकायचंय रान, एजंट येऊन गेलाय, डुकरासाठी कोण पैसे घालतंय." बरं म्हटलं. त्याच्यापुढचा चौथा पट्टा ज्यांचा आहे ते यायला तयार होते, पण मधे दत्ता, त्यांची तार आमच्या चौकटीला जोडायची कुठनं. पुरानं ज्वारी उशिरा पेरली होती सगळ्यांनी, मालदांडीच. गेल्या आठवड्यात दत्ताच्या पट्ट्यात हुरडा भरला, पुण्याचे पाहुणे बोलावलेले त्यानं, आणि आदल्या रात्री चौदा डुकरं येऊन गेली. पाहुण्यांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊ घालून परत पाठवलं.

परवा संध्याकाळी बांधावर आला. एजंटचं काय झालं मी विचारलं नाही. तार बघत उभा राहिला, टेस्टर हातात घेऊन उलटापालटा केला, आणि म्हणाला, "जॉइंट कुठनं देणारै?" मी म्हटलं विहिरीच्या कोपऱ्यातनं, बांबू चोवीस लागतील, अर्थिंगची एक सळई तुझी आण, आणि येताना साडेतीनशेचा अजून एक अरेस्टर घेऊन ये, दुकानदार सांगणार नाही, मागून घ्यायचा.